तेरवीतली डिस्कोबाई

त्या दिवशी जीपमधी कोन कोन होतं ते पयले सांगून देतो. डिस्कोबाई होती. बाळापूरचा चाचा होता, मांडीवर केसिओ घेऊन. केसिओ म्हंजे ते काळ्या-पांढऱ्या पट्ट्यायचं, इजेवर चालनारं बाजं. गजू ड्रमवाला होता, तो ड्रमच्या मांगं असा दबून बसला होता का त्याचे नुसते पाय दिसत. जीपचा डायवर होता, त्याचं नाव मले तवाबी मायीत नव्हतं. अन् मी होती, नवरा-नवरीच्या हाराची टोपली घेऊन. एवढेच. त्यातले आता चाचा अन् मीच राह्यलो. कोनाले वाटलं का बुढी मनचं जोडून सांगून राह्यली, तं चाचाले इचारून घ्या.

डिस्कोबाई म्हंजे अमरावतीच्या एका आर्केस्ट्राची गानारी. नाव तिचं चांगलं देवाचं होतं, पन ते रेशनकार्डावरच राह्यलं. सारे डिस्कोबाईच म्हनत. तिची सवय अशी का स्टेजवर ती पाठमोरी ये. लोकायकडं पाठ, आंगात टिकल्यायचं चकचक जाकीट, एक हात वर. तशीच उलटी चालत मधात ये, माईक तोंडाजवळ धरे अन् गान्याच्या आंधी इचारे,

"काय हो मांगचे, जित्ते आहा न?"

मांगचे वरडत, "हाओऽऽ!" मंग ती गर्रकन फिरे, अन् गजू ड्रमवर असा हाने का पुढच्या लाइनीतले लेकरं रडाले लागत.

"उलटी काहून येतं वं?" मी तिले एकदा इचारलं.

"पाठ पाह्यली का लोकं तोंडाची वाट पाह्यतात," म्हने. "तोंड आंधी दाखवलं तं वाट कायची पाह्यतीन?"

तोंड काही वाट पाहावं असं नव्हतं. गालावर देवीचे वन, दात उलीसे पुढं. पन ती फिरली का वाटे, आली बापा!

ती भातकुलीकडची. बापाचा भाजीचा मळा. सकाळी सकाळी माय-लेकी अमरावतीच्या भाजीबजारात येत अन् माह्या टोपलीच्या बाजूले बसत. माहे झेंडू-शेवंती, त्यायचे वांगे. मायचा आवाज बसका, म्हनून वरडाचं काम पोट्टीचं. तवा लग्नात म्हना, पानठेल्यावर म्हना, जिकडं तिकडं डिस्कोच वाजे. ही पोट्टी वांगेबी त्याच तालात इके. "घ्या वांगे, घ्या-घ्या वांगे, काटेवाले, घ्या-घ्या वांगे!" अन् बसल्या बसल्या कमर हालवे. गिऱ्हाईक हासत हासत घेऊन जाय अन् घरी जाऊन पाहे तं आर्धे किडके. पन भांडाले कोनी येत नव्हतं. आलं का ती त्याच्यावरच गानं जोडे, अन् सारा बजार टाळ्या वाजवे.

आर्केस्ट्राचा मालक तठी भाजी घेवाले ये. त्याची गानारी तबलेवाल्यासंगं निघून गेली होती अन् कार्यक्रम तोंडावर आला होता. त्यानं हिचं आयकलं अन् उभा राह्यला.

"गाशीन का वं पोरी?"

"माईकवर?"

"माईकवर."

"मंग ह्या वांग्यायचं काय?"

मालकानं सारे वांगे उचलले. त्या दिवशी त्याच्या घरी, शेजाऱ्याच्या घरी अन् शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्याबी घरी वांग्याचीच भाजी शिजली म्हनतात.

गानं तिले चाचानं शिकवलं. चाचाचा बाळापुरात रेडिओ दुरुस्तीचा ठेला होता. कोनीतरी टेपरेकॉर्डर दुरुस्तीले टाकून गेलं अन् परत आलंच नाई, त्याच्यासंगं दूर परदेशातल्या काळ्या बायायच्या गान्याच्या कॅसेटी राह्यल्या. चाचा तिले त्या आयकवे. "सुन बेटी," म्हने, "ये औरतें गले से नहीं गातीं. पेट से गाती हैं." ती डोये मिटून एक एक शब्द कानानं उचले. अर्थ तिलेबी नाई मायीत अन् चाचालेबी नाई.

"अर्थ मायीत नाई तं गातं कशी वं?" मी म्हनलं.

"तू रोज देवाले फुलं धाडतं. देव काय बोलला तुले आजलोक?"

मी आपली गजरा वळत बसली.

मंग तिचे दिवस आले. अमरावती, अकोला, मोर्शीकडचे संत्रेवाले, जठी तठी डिस्कोबाई. कापूस चांगला झाला का लग्नात आर्केस्ट्रा ठरलेलाच. मीबी त्यायच्या गाडीत जात होती, स्टेजले फुलं लावाले. नवरा-नवरी स्टेजवर बसून राहत अन् लोकं त्यायच्याकडं पाहतबी नव्हते. एका नवरीनं तं तोंड फुगवून सांगतलं, "हिले आंधी खाली उतरवा, नाई तं मी उतरतो." डिस्कोबाई खाली आली, नवरीले हात धरून उठवलं अन् तिलेच नाचवलं. नवरदेव एकटा बसला मंग.

तिले मागनं घालनारे आले, नाई असं नाई. एक तं चांगला मास्तर होता. तो म्हने, लग्नानंतर गानं बंद. ही म्हने, "मंग तुमी काय आयकून आले होते अठीलोक?" मास्तर चहा न पेताच गेला. तिनं त्याचाबी चहा पेला.

मंग ते साल आले. तुमाले मायीतच हाये, मी काही नवं सांगत नाई. पानी दगा दे, कापसाले भाव नाई. माह्या शेवंतीची वाडी वाळली, हीर आटली, मी दुसऱ्याचे फुलं घेऊन इकाले लागली. लोकं पोरीबाळीचं लग्न सामूहिक सोहळ्यात उरकत. एकाच मांडवात सारे जोडपे, एकच बामन, एकच बँड, तोबी शाळेतल्या लेकरायचा. आर्केस्ट्राले कोन इचारते?

मालकानं डिस्कोबाईले सांगून टाकलं. "हा एक सीझन पाह्यतो. नाई चालला तं डीजेची गाडी घेतो. तिले जेवन लागत नाई अन् ती तोंड वर करून बोलत नाई."

ती हासली. पन मंग बजारात माह्यापाशी येऊन बसली. "बाई," म्हने, "माईक हातातून गेला तं मी कोन वं? सांग न. लग्नातल्या गर्दीत उभी राह्यली तं मले पानीबी कोनी इचारनार नाई." तिच्या जीवाले तेवढंच एक होतं. माईक. घर नाई, दार नाई, मानूस नाई. माईक.

त्या दिवशीचं बलावनं आलं ते तशातलं होतं. अकोल्याच्या एका मंडपवाल्याकडून. मंडपवाल्याचं काम कसं राह्यते, लग्नाचाबी तंबू त्याचाच अन् तेरवीचाबी त्याचाच. तेच कपडं, तेच सैपाकाचे मोठाले गंज, तेच भोंगे. गानारेबी तोच ठरवून दे, तेरवीले भजनी मंडळ अन् लग्नाले आर्केस्ट्रा. त्या दिवशी त्याच्याकडं एक लग्न होतं अन् एक तेरवी, दोन वेगळ्या गावांत. त्याच्या दुकानापुढं दोन जीपा उभ्या. एका बाकड्यावर आमी चहा पेऊन राह्यलो होतो, दुसऱ्यावर टोप्या घातलेले भजनी बुढे. त्यानं घाईघाईत सामान भरलं, मानसं भरले अन् डायवरायले सांगतलं, "चाला, निघा." कोनती जीप कोन्या गावची, ते त्याच्या डोक्यात उलटं झालं.

आमची जीप लागली ती मांडवाच्या मांगच्या आंगानं. तठी आचारी बुंदी पाडून राह्यले होते. आमाले वाटलं, लग्नच. बुंदी काय, लग्नातबी राह्यते अन् तेरवीतबी. रंगीत पडदा लावला होता, त्याच्या मांगं चाचानं केसिओ मांडला, गजूनं ड्रम लावले. मी हाराची टोपली घेऊन नवरीचं घर पाहाले पुढच्या आंगानं गेली.

पाह्यतो तं काय! वळीनं मुंडन केलेले डोक्शे. एका बाजूनं बाया, पदर डोक्यावर. मधात पाटावर एका बुढ्याचा फोटो. अन् माह्या हातात गुलाबाचे, जरीचे, नवरा-नवरीचे हार.

मी पळाली. जन्मात मी तेवढी कधीच पळाली नाई. पन पडद्यापाशी येतो तं गजूचा ड्रम सुरू झालेला, अन् डिस्कोबाई हात वर करून, पाठमोरी, चकचक करत पडद्याबाहेर.

"काय हो मांगचे, जित्ते आहा न?"

ड्रम थांबला. कोनी हाओ म्हनलं नाई. ती गर्रकन फिरली अन् समोर तो फोटो.

तिचा माईक धरलेला हात खाली आला. बुढ्याचा मोठा पोरगा उठला, मुठी आवळून. "कोन व्हय ही बया? कोनं धाडली हिले? बापाच्या तेरवीत तमाशा!"

तवा फोटोपाशी बसलेली बुढी बोलली. त्याचीच बायको. कपाय कोरं, हात मोकळे.

"आमी जित्ते आहो बाई," ती म्हने. "बुढा तेवढा गेला."

"माय, तू गप बस."

"तूच गप बस. इतके दिवस झाले सारं गाव येऊन राह्यलं. कसा गेला इचारलं, कवा गेला इचारलं, वावर कोनाच्या नावावर केलं इचारलं. आमी जित्ते आहो का म्हनून कोनी इचारलं का? हिनं इचारलं." मंग ती डिस्कोबाईकडं पाहून म्हने, "आता आलीच तं म्हन काहीतरी. बुढ्याले गान्याची लय आवड. यात्रेत पुढं जाऊन बसे अन् मले मांगं बसवे."

डिस्कोबाईनं चाचाकडं पाह्यलं. चाचानं केसिओच्या खालच्या पट्ट्या दाबल्या, अशा हळू का मले वाटलं कोन्या गाईनं उसासा टाकला. मंग तिनं ते परदेशी बायायचं गानं धरलं. जे ती लग्नात धडाधडा म्हने, तेच, पन पाय ओढत, थांबत थांबत. चकचक जाकीट, देवीचे वन, अन् डोये मिटलेले. एक शब्द कोनाले समजला नाई. अन् मुंडन केलेले ते थोराड बापे पंच्यात तोंड खुपसून रडले. आचाऱ्यानं बुंदीचा झारा तसाच धरून ठेवला, घानी करपली.

गानं झालं. बुढीनं डोये पुसले अन् म्हने, "आता दुसरं. हालतं-डुलतं."

"तेरवीत?" पोरगा म्हने.

"आज तेरवी हाये न? आज तोंड गोड कराचा दिवस. उद्यापासून तू कामाले जाशीन, घरच्या बायका टीव्ही लावतीन. मंग आज का नाई?"

अन् डिस्कोबाईनं डिस्को म्हनला. माहे हार वाया गेले नाई. बुढीनं दोन्ही मागून घेतले अन् फोटोले घातले. म्हने, "लग्नात यानं मले झेंडूचा घातला होता. आता मी त्याले गुलाबाचा घालतो."

तिकडं भजनी मंडळ लग्नात जाऊन पोचलं होतं. त्यायनं स्टेजवर बसून देह नाशिवंत हाये, काया मातीत जानार हाये, असं खंजिरीवर धरलं. खंजिरीचा ताल जबर राह्यते. नवरदेवाचे दोस्त त्याच्यावर नाचले म्हनतात, अन् वन्स मोरबी मांगतला.

मालकानं डीजेची गाडी घेतलीच. पन डिस्कोबाईचा माईक गेला नाई. त्या तेरवीतून दुसऱ्या तेरवीचं बलावनं आलं, तठून तिसऱ्या. "ते चकचक जाकीटवाली बाई आना, घरच्यायले बोलतं करते ते." त्या सालांत लग्नं कमी झाले. तेरव्या काही कमी झाल्या नाई. बुढ्यायच्या कमी, तरन्यायच्याच जास्त.

पयले पयले ती चिडे. "मी डिस्को आहो वं, रडनी नाई." चाचा म्हने, "माईक तो माईक होता है बेटी." तशी ती जाय. पन जाकीट सोडलं नाई तिनं. एका गावी सरपंच म्हने, बाई, पांढरं पातळ नेसून या. ती म्हने, "पांढऱ्यात तं सारेच बसले हायेत. पाहाले कोनी तरी रंगीत पायजे न."

भजनी मंडळाचे बुवा एकदा बजारात येऊन तिच्यावर कावले. हे धरम बुडवनं हाये म्हने. तिनं त्यायले बसाले पोतं देल्लं. "बुवा, तुमी गेलेल्यासाठी गाता. मी राह्यलेल्यायसाठी गातो. तुमचं गिऱ्हाईक वेगळं, माहं वेगळं. भांडाचं कायले?" बुवा उठले नाई तं काय करतीन? जातानी माह्याकडून तुळशीची माळ घेऊन गेले.

एक तेरवी मले इसरता येत नाई. अकोल्याकडची. तरना बाप गेलेला, कसा गेला ते कोनी तोंडानं बोलत नव्हतं. त्याची पोरगी, दहावी-बारावीची असन, भिताडाले टेकून बसलेली. रडत नाई, बोलत नाई, जेवत नाई. साऱ्या बाया तिले हालवून हालवून थकल्या. डिस्कोबाईनं गानं मधातच थांबवलं, तिच्यापाशी जाऊन बसली अन् माईक तिच्या तोंडापुढं धरला.

"बोल काही. नाई तं शिवी दे. शिवी येते का?"

पोरीनं माईक हातानं जवळ ओढला. मंग ती माईकवर बोलली, अन् भोंग्यातून साऱ्या गावानं आयकलं.

"बापा, हरामखोरा, मले इचारून तं जायचं होतं रे!"

अन् मंग जे रडली ते. तिची माय आली, आजी आली, साऱ्या एकमेकींच्या गळ्यात. डिस्कोबाईनं माईक काढून घेतला अन् हळूच म्हने, "ताल चुकला तुहा. पन आवाज चांगला हाये वं." पोरगी रडता रडता हासली. नाकातून पानी, तोंडातून हासू.

आता दुसरी गोष्ट आयका. तेरवीत गाते म्हटल्यावर लग्नवाल्यायनं तिचं नावच सोडलं. मोर्शीचे एक जन आले होते, पोराच्या लग्नाचं बोलाले. चहा आला, गप्पा झाल्या, तवा त्यायची बायको हळूच म्हने, "बाई, तुमी त्या तेरवीत..." ही म्हने, "हाओ, तेच मी." दोघं उठले. लग्नाच्या मांडवात तेरवीची बाई नको. तिच्या सावलीनं म्हने अपशकुन होते.

मी फुलवाली. माहे फुलं सकाळी तिरडीवर जात अन् दुपारी मांडवात. फुलाले कोनी इचारत नाई का तू काल कोठी होतं. बाईले इचारतात.

तिनं कधी रडून दाखवलं नाई. पन बजारातून वरात निघाली का ती उठून उभी राहे. डीजेची गाडी जाय, पोट्टे नाचत, अन् ही ओठातल्या ओठात म्हनत राहे. वरात गेली का खाली बसे. "चुकीचं वाजवून राह्यला," एवढंच म्हने. तिले परत एकदा लग्नात गाचं होतं. एकच डाव. ते मले मायीत होतं, चाचाले मायीत होतं. कोनी बोलून दाखवत नव्हतं.

अन् एक दिवस ती अकोल्याची पोरगी बजारात आली. आता नोकरीले लागली होती, पायात सँडल, खांद्याले पर्स. वळखू येत नव्हती. डिस्कोबाईपुढं पत्रिका धरली.

"कोन गेलं वं?" डिस्कोबाई म्हने. तिच्याकडं लोकं त्याच्याचसाठी येत.

"कोनी नाई गेलं. माहं लग्न हाये. तुमाले गाचं हाये."

डिस्कोबाईनं पत्रिका हातात घेतली नाई. "घरचे काय म्हनतीन?"

"घरचे मी पाह्यतो."

"अन् सासरचे?"

"ते तुमाले पाहून मंग काय म्हनाचं ते म्हनतीन. तवालोक गानं होऊन जाईन."

मंग काय सांगू तुमाले! बाई दिवसभर जाकीट मांडीवर घेऊन बसे. अर्ध्या टिकल्या गळून गेल्या होत्या. मी हाराच्या सुईनं लावून देल्ल्या. ती जुने गाने घोकत राहे, गिऱ्हाईक आलं तं त्याच्याकडं लक्ष नाई. मी म्हनलं, "जशी काही तूच नवरी."

"मंग? तिचं तं एकच लग्न. मी गाऊन गाऊन कितीक लावले असतीन."

लग्नाच्या दिवशी आमी तिघं गेलो. ती, चाचा अन् मी. मांडवाच्या दारात अत्तर लावाले, गुलाबपानी शिंपडाले नवरदेवाची आत्या उभी. भारदस्त बाई, नाकात नथ. तिनं डिस्कोबाईले पाह्यलं अन् अत्तराची शिशी मांगं घेतली.

"अवं माय, ही तं तेरवीवाली! बाई, तुमच्या पाया पडतो, पन मांडवात पाय ठेवू नका. आमच्या पोराचं मंगल हाये."

चाचा बोलाले लागला होता. डिस्कोबाईनं त्याचा हात धरला.

"बरं," ती म्हने.

तेवढंच. मले वाटलं, घरी चालली. पन ती मांडवाच्या बाजूनं निघाली, तंबूच्या दोऱ्या ओलांडत, सरळ मांगं आचाऱ्यायपाशी. तठी पुऱ्या तळून राह्यले होते, कढी उकळून राह्यली होती, भाजीचे डेखं पडले होते. तिनं एक पालथा गंज ओढला अन् त्याच्यावर बसली.

"चाचा," म्हने, "माईकची वायर लंबी हाये न?"

चाचानं मांडवाच्या आत केसिओ मांडला अन् वायर तंबूच्या खालून मांगं सरकवली.

"मी मांडवात नाई आली," ती मले म्हने. "आत्याबाईनं पायायले मना केलं. आवाजाले नाई केलं."

अन् गायली. आचाऱ्यायपुढं, चकचक जाकिटात, पुऱ्याच्या धुपटात. तिकडं मांडवात मानूस जाग्यावर राह्यलं नाई. मी तंबूच्या फटीतून पाह्यत होती. बुढे नाचून राह्यले, लेकरं नाचून राह्यले. अन् आत्याबाई! पदर खोचून, नथ सावरत, मधोमध. नवरदेवाचा बाप घाम पुसत चाचापाशी आला.

"हे कोन गाऊन राह्यलं हो? कॅसेट हाये का?"

"हाओ साहेब," चाचा म्हने. "बाहेरगावची कॅसेट हाये."

"इतकी चांगली कॅसेट मी नाई आयकली बुवा कधी."

ते मी मांगं येऊन तिले सांगतलं. ती गान्याच्या मधात अशी हासली का भोंग्यातून सारं हासू मांडवात गेलं. लोकायले वाटलं, गान्यातच हाये. त्यायनं टाळ्या वाजवल्या.

लग्न लागलं. नवरा-नवरीच्या शेल्याची गाठ बांधली अन् ते मोठ्यायच्या पाया पडाले निघाले. आंधी देव, मंग सासू-सासरे, मंग आत्या. आत्याच्या पाया पडून झालं अन् नवरी वळली ती सरळ मांगच्या आंगानं. नवरदेवाले काही समजेना. पन गाठ बांधलेली, जाते कोठी? ओढल्यासारखा तिच्या मांगं मांगं. तंबूचा पडदा वर केला, डेखं तुडवले, त्याचा शेला कढीत बुडला. मांगून आत्या वरडून राह्यली, "अवं सुनबाई, तिकडं कोठी? तिकडं आचारी हायेत!"

नवरी डिस्कोबाईपुढं येऊन वाकली.

अन् डिस्कोबाई भेली. खरंच सांगतो. साऱ्या गावायले नाचवनारी ते बाई, तिनं आपले पाय लुगड्यात ओढून घेतले. गंजावर बसल्या बसल्या मांगं सरकली. "नको वं माय. आज नको. लांबूनच पड. आजचा दिवस चांगला हाये तुहा."

तिचाबी इस्वास बसला होता त्या अपशकुनावर. लोकं रोज म्हनत राह्यले तं बसनारच.

नवरी उभी राह्यली. हळदीचं आंग, डोये भरलेले.

"माह्या बापाच्या दिवशी तुमी माह्यापाशी येऊन बसल्या. लांबून बसल्या होत्या का?"

नवरीनं तिचे पाय लुगड्यातून काढले, जसे लाहान लेकराचे काढतात, अन् डोकं ठेवलं. नवरदेवालेबी वाकावं लागलं, गाठ बांधलेली होती न. आत्याबाई पडद्यात उभी होती, तोंड उघडं. मंग तिनं अत्तराची शिशी काढली. जवळ नाई आली. आचाऱ्याच्या हातात देल्ली, म्हने, "तिले लाव म्हना." आचाऱ्यानं पुरीच्या पिठाच्या हातानं तिच्या मनगटाले अत्तर लावलं.

तेरवीवाली झाल्यावर डिस्कोबाईले लग्नाचं बलावनं ते तेवढंच. त्याच्यानंतर परत तेरव्याच आल्या, अन् ती जात राह्यली. मंग तिच्या घशात गाठ झाली. पयले आवाज गेला, अन् तीन हिवाळे नाई काढले तिनं त्याच्यावर. तिची तेरवी चाचानं अन् मी भाजीबजारातच केली. लोकं एवढे आले का बसाले पोते पुरले नाई. वाशीमकडून आले, बाळापूरकडून आले, ज्या ज्या घरी ती गेली होती त्या घरचे सारे. सारे तेरवीवालेच. लग्नाच्या घरचं एकच जोडपं आलं, ते अकोल्याची पोरगी अन् तिचा नवरा, कडेवर लेकरू घेऊन.

आयकनाऱ्यायले माहं एवढंच मागनं हाये. तुमच्या घरच्या दुःखात ज्यानं कोनी गायलं असन, पोया लाटल्या असतीन, तिरडी बांधली असन, घरी लग्न निघालं का त्याच्या दारी जाऊन पत्रिका द्या. अन् ते आले का त्यायले मांडवात बसवा.